खोक्यावर ३० मिनिटं, हातात १० मिनिटं: कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरच्या बॅटरीचं गणित काय असतं?

मे महिन्यात गंगाखेडला मामांकडे गेलो होतो. बाहेर रणरणतं ऊन आणि वाऱ्याबरोबर घरभर धूळ. मामांनी हौसेनं ऑनलाइन मागवलेला छोटा व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढला. हातात धरायचा, वायर नसलेला. दिवाण झाला, सोफा अर्धा झाला आणि मशीन एकदम बंद.

"अरे, खोक्यावर तीस मिनिटं लिहिलंय. हे तर दहा मिनिटांतच मान टाकतंय. फसवलं का रे मला?" मामांनी विचारलं.

गंगाखेड म्हणजे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंच्या झाडलोटीला खुद्द विठ्ठल हात लावायचा, अशी श्रद्धा आहे. आपल्याला मात्र बॅटरीवरच भागवावं लागतं. म्हणून या बॅटऱ्या कोणत्या असतात, खोक्यावरची मिनिटं कुठून येतात आणि आपल्याकडच्या उन्हात त्यांचं काय होतं, हे समजून घेऊया.

बॅटरीचे प्रकार कोणते?

निकेल-कॅडमियम: ही सगळ्यात जुनी. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी ती १८९९ मध्ये शोधली. १९७९ मध्ये ब्लॅक अँड डेकर कंपनीनं 'डस्टबस्टर' आणला आणि हातातला कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर घराघरात पोहोचला. त्या काळात अशा मशीनमध्ये हीच बॅटरी असायची. ती दणकट असते, पण वजनाच्या मानानं वीज कमी साठवते. शिवाय कॅडमियम हा विषारी धातू आहे.

निकेल-मेटल हायड्राइड: ही पहिलीची सुधारित बहीण. यात कॅडमियम नाही आणि वीजही जास्त मावते. पण न वापरता ठेवली तरी ती हळूहळू उतरत जाते. आज काही स्वस्त किंवा जुन्या मॉडेलमध्ये सापडते.

लिथियम-आयन: आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक मशीनमध्ये हीच असते. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एक किलो निकेल-कॅडमियममध्ये साधारण ४० ते ६० वॅट-अवर वीज मावते, तर एक किलो लिथियम-आयनमध्ये १५० ते २५०. म्हणूनच मशीन हलकं होतं.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. निकेलची बॅटरी संपत आली की मोटर हळूहळू मंदावते. लिथियमची मात्र शेवटपर्यंत जोर टिकवते आणि मग तिचं संरक्षक सर्किट मोटर एकदम बंद करतं. त्यामुळे सोफा अर्धा असताना मशीन अचानक थांबलं, तर तो बिघाडच असेल असं नाही.

मग मिनिटं कशी मोजायची?

खोक्यावर दोन आकडे शोधा, व्होल्ट आणि एमएएच. दोघांचा गुणाकार करून हजारानं भागलं की वॅट-अवर मिळतात. म्हणजे बॅटरीत एकूण किती वीज मावते ते. या आकड्याला मोटरच्या वॅटनं भागून ६० नं गुणलं की मिनिटं हातात येतात.

मामांच्या मशीनवर लिहिलं होतं ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच. म्हणजे १४.८ वॅट-अवर. आता पुढचं बघा:

- लो मोडवर मोटर ३० वॅट घेते: जवळपास ३० मिनिटं
- मॅक्स मोडवर मोटर ९० वॅट घेते: जेमतेम १० मिनिटं

म्हणजे खोक्यावरची ३० मिनिटं खोटी नव्हती. ती लो मोडची होती. गादीच्या शिवणीत बसलेली धूळ किंवा कापसाचे तंतू ओढायला मात्र मॅक्सच लागतो. म्हणून खोक्यावर "पर्यंत" हा शब्द दिसला, की तो सगळ्यात कमी वेगाचा, नव्या कोऱ्या बॅटरीचा आकडा आहे असं धरून चाला.

एमएएच जास्त म्हणजे बॅटरी मोठी का?

नाही, आणि इथेच बरेच जण गंडतात. लिथियमचा एक सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो. २००० एमएएचचे दोन सेल एकापुढे एक जोडले तर ७.४ व्होल्ट आणि २००० एमएएच होतात. तेच शेजारी-शेजारी जोडले तर ३.७ व्होल्ट आणि ४००० एमएएच. दोन्हीकडे वीज तेवढीच, १४.८ वॅट-अवर! जाहिरातीत मात्र ४००० चा आकडा मोठा दिसतो. त्यामुळे दोन मशीनची तुलना करायची असेल तर वॅट-अवरवरच करा.

मराठवाड्याच्या उन्हाचा काय संबंध?

परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो. लिथियम बॅटरीला ही उष्णता सोसत नाही. त्यातही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर नुकसान जास्त. या क्षेत्रात नेहमी दिला जाणारा अंदाज असा: पूर्ण चार्ज केलेली बॅटरी वर्षभर २५ अंशांत पडून राहिली तर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास उरते. ४० अंशांत ठेवली तर ६५ टक्के. तीच बॅटरी ४० टक्के चार्ज करून ४० अंशांत ठेवली तर ८५ टक्के.

म्हणजे मशीन उन्हाळाभर चार्जिंगला लावून ठेवलं, तर ते न वापरताच म्हातारं होतं. आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद कारमध्ये तापमान ६० अंशांच्या वर जाऊ शकतं. 'कार व्हॅक्यूम' म्हणून घेतलेलं मशीन कारच्या डिकीतच ठेवणं ही सगळ्यात महागात पडणारी सवय.

"पूर्ण उतरवून मगच चार्ज कर" हे खरं का?

हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. ती बॅटरी अर्धवट वापरून पुन्हा पुन्हा चार्ज केली, तर तिची क्षमता कमी झाल्यासारखी वागायची. लिथियमला तसं काही होत नाही. उलट दरवेळी पूर्ण उतरवल्यानं ती लवकर झिजते. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-उतार झाला की तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे थोडं वापरून थोडं चार्ज केलं तरी चालतं.

विजेच्या बिलाची काळजीही नको. असं मशीन एका वेळी २५ वॅट-अवर वीज खात असेल, तर एका युनिटमध्ये ते ४० वेळा चार्ज होतं.

घेताना आणि वापरताना काय बघाल?

- मॅक्स मोडवर किती मिनिटं चालतं, हे विचारा. तो आकडा दिलाच नसेल तर वरचं गणित करा.
- बॅटरी काढता येते का आणि सुटी मिळते का, ते बघा. नाहीतर दोन वर्षांनी चांगली मोटरही भंगारात जाते.
- बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.
- वापरून गरम झालेलं मशीन लगेच चार्जिंगला लावू नका. आधी अर्धा तास सावलीत ठेवा.
- महिनाभर वापरायचं नसेल तर अर्धं चार्ज करून घरातल्या थंड जागी ठेवा.
- फिल्टर झटकत राहा. तो धुळीनं भरला की ओढ कमी होते, एकाच जागी जास्त वेळ फिरवावं लागतं आणि मोजकी मिनिटं वाया जातात.

बॅटरी फुगली किंवा संपली तर?

फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका, दाबू नका. ती पेट घेऊ शकते. घंटागाडीतही टाकू नका. कचरा दाबला गेला की तिथेही आग लागू शकते. फुली मारलेल्या कचराकुंडीचं चिन्ह बॅटरीवर असतं ते यासाठीच. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नियम आणले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जुनी बॅटरी कंपनीचं सर्व्हिस सेंटर किंवा अधिकृत ई-कचरा केंद्राकडेच द्या.

मामांना हे सगळं गणित कागदावर मांडून दाखवलं. आता ते सोफ्याला आणि गादीला मॅक्स मोड वापरतात, बाकी सगळीकडे लो. आणि अंगणाला? "त्याला आपला खराटाच बरा. त्याला चार्जिंग लागत नाही."