हंडी किती उंच बांधावी?

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधांत बाळकृष्णाच्या खोड्या सांगितल्या आहेत. गोकुळांतल्या गौळणी यशोदेकडे जें गाऱ्हाणें घेऊन येतात, त्यांतील एक तपशील लक्षांत ठेवण्यासारखा आहे. शिंक्यावरचें दहींदूध हातीं लागेना, म्हणजे हा मुलगा पाट आणि उखळ रचून वर चढतो, असें त्या सांगतात. शिंकें उंच टांगलें, तें मुलाचा हात तेथवर पोंचूं नये म्हणून. उंची ठरविणारी घरची गृहिणी होती आणि तिचा हेतु वस्तु सांभाळण्याचा होता. आज ठाण्याच्या चौकांत क्रेनच्या दोरास हंडी बांधली जाते, तेव्हां तिची उंची ठरविणारा निराळा असतो आणि त्याचा हेतुहि निराळा असतो. या दोन उंचींमधील अंतर कसें वाढत गेलें, आणि तें आटोक्यांत आणण्यासाठीं नियम कसे झाले, मोडले व पुन्हां झाले, याचा इतिहास अलीकडचाच असला तरी बोधप्रद आहे.

गोपाळकाला हा मूळचा समतेचा विधि होय. प्रत्येकानें आपली शिदोरी आणावी, ती दह्यांत एकत्र कालवावी आणि सर्वांनीं सारखी वांटून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनानें होते, ती याच भावनेनें. कोंकणांत व मुंबईच्या वाड्यांतून श्रावण वद्य नवमीस अंगणांत हंडी बांधीत आणि आळींतील पोरें एकमेकांच्या खांद्यांवर उभीं राहून ती फोडीत. वरून पाण्याच्या घागरी ओतल्या जात. हंडी माडीच्या कठड्यास बांधलेली असे; त्यामुळें तिची उंची माडीच्या उंचीपलीकडे जाऊं शकत नसे. लिहिलेला नियम कोणताच नव्हता. परंतु घराची भिंत हाच नियम होता.

हा नियम सुटला तो हंडी घराच्या अंगणांतून राजरस्त्यावर आली तेव्हां. ठाण्यांत टेंभी नाक्यावर आनंद दिघे यांनीं सुरू केलेल्या हंडीनें या उत्सवास सार्वजनिक रूप दिलें. पुढें पांचपाखाडी, नौपाडा, वर्तकनगर अशा निरनिराळ्या भागांत राजकीय पुढाऱ्यांच्या प्रतिष्ठानांनीं आपापल्या हंड्या उभारल्या. थरांमागें बक्षीस लागलें, तें हजारांवरून लाखांवर गेलें, आणि मुंबईचीं नामांकित पथकें ट्रक भरून ठाण्याकडे येऊं लागलीं. कल्याण-डोंबिवलीच्या चौकांतहि तीच चढाओढ पोंचली. २०१२ सालीं ठाण्यांतच जोगेश्वरीच्या जय जवान पथकानें नऊ थर रचून ४३.७९ फूट उंची गांठली व गिनेस बुकांत स्पेनमधील मनोऱ्याच्या १९८१ सालच्या विक्रमाची जागा घेतली. शहरास ही गोष्ट अभिमानाची वाटली, आणि वाटावी अशीच ती होती. नऊ थरांचा मनोरा हें अंगबळापेक्षां शिस्तीचें, तोलाचें व परस्परविश्वासाचें काम आहे.

परंतु या अभिमानाच्या शिखरावर कोण उभें असतें? तेथें बहुधा एक लहान मूल असतें, आणि त्याचें कारण साध्या त्रैराशिकाचें आहे. मनोऱ्याचे वरचे थर एकेकट्या माणसाचे असतात. पथकांच्या भाषेंत त्यांस ‘एक्के’ म्हणतात. शिखरावर २५ किलो वजनाच्या मुलाऐवजीं ५५ किलोंचा तरुण चढला, तर अधिकचे ३० किलो प्रत्येक एक्क्याच्या खांद्यांवरून जसेच्या तसे खालीं उतरतात. म्हणून मनोरा जितका उंच, तितका शिखरावरचा जीव लहान असावा लागतो. वयाची अट ही वस्तुतः उंचीचीहि अट असते. जो कायदा मुलाचें वय वाढवितो, तो न सांगतां एखादा थर कमी करतो. वयाच्या नियमास जो विरोध झाला, त्याचें मर्म येथें आहे.

दुसरें त्रैराशिक पडण्याचें आहे. ४० फुटांवरून सुटलेलें शरीर जमिनीस लागतें, तेव्हां त्याचा वेग ताशीं सुमारें ५५ किलोमीटर असतो. उंची निम्मी करून २० फूट केली, तर वेग निम्मा होत नाहीं. तो सुमारें ३९ किलोमीटर राहतो. म्हणजे उंचीवरची मर्यादा उपयोगी खरी, पण डांबरी रस्ता तसाच ठेवून केवळ उंची कमी केल्यानें पोराचें डोकें सुरक्षित होत नाहीं. खालीं काय आहे, या प्रश्नास वर किती आहे या प्रश्नाइतकेंच महत्त्व आहे.

२०१४ सालच्या ऑगस्टमध्यें, ठाणे जिल्ह्यांतच मोडणाऱ्या नवी मुंबईंतील सानपाडा येथें सराव करतांना १४ वर्षांचा एक मुलगा वरच्या थरावरून पडून दगावला. याच सुमारास हा विषय जनहितयाचिकेच्या रूपानें मुंबई उच्च न्यायालयापुढें होता. ११ ऑगस्ट २०१४ रोजीं न्यायालयानें आदेश दिला, कीं हंडीची उंची २० फुटांहून अधिक नसावी व १८ वर्षांखालील कोणास मनोऱ्यांत घेऊं नये. एका थरास सुमारें पांच फूट धरले, तर २० फूट म्हणजे चार थर होतात. नऊ थरांच्या अभिमानास हा आदेश म्हणजे वाडीच्या कठड्याकडे परत जाण्याची आज्ञा वाटली. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानें त्यास स्थगिति दिली. १२ वर्षांखालील मुलांवरची बंदी मात्र कायम राहिली. २०१५ सालीं राज्य सरकारनें दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला. सणास जे नियम लावतां येत नाहींत, ते खेळास लावतां येतात, हा विचार त्यामागें होता. आणि सणावर जीं बंधनें येतात, त्यांतून खेळ सोडवितां येईल, ही आशाहि होती.

२०१६ च्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें २० फूट आणि १८ वर्षें या दोन्ही मर्यादा उचलून धरल्या. त्या वर्षीं ठाण्याच्या रस्त्यांवर एक विलक्षण दृश्य दिसलें. कांहीं आयोजकांनीं उत्सव आवरता घेतला, कांहींनीं नियमांत राहून हंडी बांधली, आणि नौपाड्याच्या एका मैदानांत ती हट्टानें ४० फुटांवर टांगली गेली. आदेश उघडपणें मोडला गेला व पोलिसांनीं गुन्हेहि नोंदविले. परंतु न्यायालयाची अवज्ञा करावयाची ठरली तरी ती करण्याकरितां मनोऱ्यावर चढावें लागलें गोविंदांनाच. व्यासपीठावरच्या कोणाचे पाय त्या दिवशीं जमिनीवरून सुटले नाहींत.

पुढच्या वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें प्रकरण पुन्हां उच्च न्यायालयाकडे पाठविलें. ७ ऑगस्ट २०१७ रोजीं उच्च न्यायालयानें निराळी भूमिका घेतली. १४ वर्षांखालील मुलांस मनोऱ्यांत घेतलें जाणार नाहीं, ही राज्य सरकारची हमी त्यानें मान्य केली. उंची किती असावी हें ठरविणें विधिमंडळाचें काम आहे, असें सांगून त्या बाबतींत न्यायालयानें मर्यादा घालण्याचें नाकारलें. तीन वर्षांत वयाची अट १८ वरून १२, १२ वरून पुन्हां १८ आणि तेथून १४ अशी फिरली; उंचीची अट आली, गेली, पुन्हां आली आणि पुन्हां गेली. इतक्या वेळां बदललेला नियम लोक नियम म्हणून मानीत नाहींत. तो त्यांना हवामानासारखा वाटूं लागतो. यंदा काय आहे एवढेंच ते विचारतात.

असाच प्रश्न अन्यत्र कसा सोडविला गेला, हें पाहणें उपयुक्त आहे. स्पेनमधील कॅटलोनिया प्रांतांत वाल्स गांवाच्या परिसरांत अठराव्या शतकाच्या अखेरीपासून माणसांचे मनोरे रचण्याची परंपरा आहे. २०१० सालीं युनेस्कोनें तिची गणना मानवजातीच्या अमूर्त वारशांत केली. तेथेंहि शिखरावर लहान मूलच असतें, व तेथेंहि मनोरे दहा थरांपर्यंत गेले आहेत. तथापि मनोऱ्याच्या बुडाशीं शेंकडों माणसांचा दाट वेढा असतो. तो पायास आधार देतो आणि वरून पडणाऱ्यास अंगावर झेलतो. २००६ सालीं मातारो शहराच्या एका पथकांतील १२ वर्षांची मुलगी पडून मरण पावली, तेव्हां तेथील पथकांनीं मुलांसाठीं खास शिरस्त्राण स्वीकारलें; आज तें सर्रास वापरलें जातें. मोठ्या मनोऱ्यांचा सराव जाळें लावून करण्याचीहि तेथें पद्धति आहे. पथकांची एक समाईक संस्था १९८९ पासून आहे व विम्यासारख्या गोष्टी ती पाहते. चढणारांनींच हे उपाय आपल्या हातीं घेतले, आणि सणाच्या दिवसाइतकीच सरावाची संध्याकाळहि त्यांनीं धोक्याची मानली, ही त्यांतील सार घेण्यासारखी गोष्ट आहे.

ठाणें-मुंबईच्या नियमांत उणें राहिलें आहे तें नेमकें येथें. पथकांचा सराव बहुधा गुरुपौर्णिमेस सुरू होतो आणि गोपाळकाल्यापर्यंत पांचसहा आठवडे रोज रात्रीं चालतो. उत्सवाच्या दिवशीं चौकांत पोलिस असतात, रुग्णवाहिका असते, छायाचित्रकार असतात. मोठ्या हंड्यांपाशीं शिखरावरच्या मुलास क्रेनच्या दोराचा आधार आणि डोक्यास शिरस्त्राण असतें. सरावाच्या रात्रीं चाळीच्या पटांगणांत यांतलें काय असतें? बहुतेक ठिकाणीं एक दिवा आणि खालीं फरशी. नवा गडी प्रथम खांद्यावर उभा राहतो तो तेथें, पाय निसटतो तो तेथें, आणि मूल किती वर चढूं शकतें याची परीक्षा होते तीहि तेथेंच.

२०२२ सालीं मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, जे स्वतः ठाण्याचेच, यांनीं दहीहंडीस खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना सरकारी नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पांच टक्के राखीव जागांचा लाभ जाहीर केला, आणि मृत्यु आल्यास कुटुंबास दहा लाख रुपयांचें साहाय्य ठरलें. २०२३ सालीं मुंबईंत वरळीच्या बंदिस्त सभागृहांत गोविंदांचे व्यावसायिक सामनेहि झाले. १६ ऑगस्ट २०२५ रोजीं ठाण्यांत कोकण नगर पथकानें दहा थर रचले. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि तो रास्तच होता. परंतु त्याच्या सहाच दिवस आधीं दहिसर येथें सराव करतांना ११ वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला होता. १४ वर्षांची अट त्या वेळीं आठ वर्षें जुनी झाली होती.

सानपाडा आणि दहिसर या दोन दुर्घटनांमध्यें अकरा वर्षांचें अंतर आहे. साम्य एवढेंच, कीं दोन्ही सरावांत घडल्या. या अकरा वर्षांत नियमांवर जो वाद झाला, तो बहुतेक उत्सवाच्या दिवसापुरता झाला. हंडी २० फूट कीं ४० फूट, यावर न्यायालयें, सरकार व आयोजक भांडलीं. पटांगणांत गादी आहे कीं नाहीं, यावर भांडावयास कोणी आलें नाहीं. साहाय्याची रक्कम ठरली, ती पडल्यानंतर द्यावयाची. लाखांच्या बक्षिसांतून काहीं भाग सरावाच्या गाद्या, शिरस्त्राणें व दोर यांसाठीं आषाढांतच द्यावा, आणि ज्या पथकाजवळ हीं साधनें नाहींत त्यास चौकांत सलामी देऊं नये, एवढा नियम आयोजकांनीं स्वतः होऊन केला तरी पुष्कळ होईल. त्यास न्यायालयाची गरज नाहीं, आणि त्यानें एकहि थर आपोआप कमी होत नाहीं.

काल्याचा प्रसाद सर्वांस सारखा वांटला जातो. मनोऱ्यांतील धोका मात्र सारखा वांटलेला नसतो. त्याचा मोठा वांटा सर्वांत लहानाकडे जातो, आणि त्याचें मत कोणी विचारलेलें नसतें. हंडी किती उंच बांधावी, याचें उत्तर फुटांत देतां येईल कीं नाहीं, हा वाद चालूं राहील. पण ज्या मुलास तेथवर चढावयाचें आहे, तें रात्रीं सरावाहून घरीं परत येईपर्यंत त्याच्या आईस दारांत उभें राहावें लागतें, हें ज्यानें ओळखलें, त्यास उंची ठरवितांना दोराकडे पाहण्यापूर्वीं जमिनीकडे पाहावें लागेल.