पेवातली ज्वारी

तेरखेड्यात फटाक्यांच्या दुकानापाशी उभे आहात ना? दारूचा तो गंधकी वास छाती भरून घ्या, पुढे लागणार आहे. आता तोंड पश्चिमेला करा. भूम मागे टाकून खर्ड्याच्या माळावर या. वर्ष आहे 1795, महिना मार्चचा.

ऊन आधी टाळूवर बसतं, मग आवाज अंगावर येतो. घोड्यांचं खिंकाळणं, पालांच्या मेखा ठोकल्याचे ठणठणाट, लमाणांच्या बैलांच्या घुंगुरमाळा. पेशव्यांची फौज, शिंद्यांची, होळकरांची, नागपूरकर भोसल्यांची, परशुरामभाऊ पटवर्धनांची. समोर निजामाची. कोण कशासाठी भांडतंय ते राहू द्या. तुम्हांला भूक लागली आहे, आणि खायला जे आहे ते शिळं आहे.

खांद्यावरची पडशी सोडा. तळाशी सातूचं पीठ आहे, घरून निघताना बांधून दिलेलं. पिठाला जाळी धरलीय. बोटानं जाळी ओढली की तिच्याबरोबर दोन अळ्याही येतात. त्या फुंकरीनं उडवायच्या आणि पुढे बघायचं. चिमूटभर जिभेवर ठेवा. आधी भाजलेल्या हरभऱ्याचा ओळखीचा गोडवा, मग घशाच्या मागच्या बाजूला चढत जाणारा खवटपणा. गूळ असेल तर झाकला जातो. पण गूळही पाझरून काळा पडलाय, फडक्याला चिकटलाय, आणि मुंग्या तुमच्या आधी पोचल्यात. फडक्यासकट चोखा, सगळे तेच करतात.

बाजूचा शिलेदार घोड्याच्या तोबऱ्यातून भिजलेल्या हरभऱ्याची मूठ काढून तुमच्यापुढे धरतो. ही घोड्याची चंदी. लाजू नका. छावणीतलं सगळ्यांत ताजं अन्न तेच आहे, कारण घोडा अडला तर स्वार संपला. माणूस काहीही खाऊन चालतो.

तेवढ्यात पलीकडच्या गावठाणातून ओरडा होतो. कुणीतरी भाल्यानं जमीन ठोकत फिरत होता, एका जागी आवाज पोकळ आला. पेव सापडलं! धावा, नाहीतर वाटा जाईल.

मुरमाड, कोरड्या जागी खणलेला हा खोल खड्डा. बाजूंनी कडबा लावायचा, आत ज्वारी ओतायची, वरून माती लिंपून तोंड बुजवायचं. अशी ज्वारी वर्षानुवर्षं राहते. 1791-92 साली दख्खनभर जो भयंकर दुष्काळ पडला, त्यानंतर हाताशी चार दाणे आले की जमिनीत पुरावेत असं कुणाला वाटलं नसेल? तुम्ही ज्याच्या तोंडाशी वाकताय तो एका गावाचा पुढच्या अवर्षणाचा घास आहे. हे छावणीत सगळ्यांना ठाऊक आहे. तरी फावडी थांबत नाहीत, आणि तुमचाही हात थांबत नाही.

माती सरकते आणि खालून गरम, कोंदट हवेचा लोट तोंडावर येतो. डोळ्यांना पाणी येतं. उतरायला पाय टाकताच मागून कुणीतरी मानगूट धरतो. "आरं थांब की! दिवा सोड आधी." दोरीला बांधलेली पणती खाली जाते आणि अर्ध्यातच विझते. म्हणजे आतली हवा माणूस मारणारी आहे. पेवाचं तोंड उघडं ठेवून बसा सावलीत. पोटातली आग आणि हा खोळंबा, दोन्ही सोसायचं. पुन्हा पणती, पुन्हा वाट. ती जळत राहिली तेव्हाच एक जण उतरतो.

मधली ज्वारी चांगली निघते, लालसर झालेली. कडेची काळी, ढेकळं झालेली. ती तशीच राहू देतात.

जातं फिरतं, पीठ पडतं. आणि तुम्हांला कळतं की या पिठाची विरी गेली आहे. गार पाण्यात मळून भाकरी थापायला घ्याल तर काठाला चिरत जाईल. आधण ठेवा, उकळतं पाणी ओता, चटका सोसत मळा. तव्यावर टाकली की राहुटीभर पेवाचा वास दाटतो. कुबट, थोडा आंबूस, जमिनीच्या पोटातला. पहिला घास घ्या. उग्र आहे. दुसरा घ्या, जवसाच्या चटणीबरोबर. तिसऱ्या घासाला तुम्ही चवीचा विचार सोडलेला असतो, आणि चौथी भाकरी मागता. मला सैन्याची खरी भूक इथे दिसते, तलवारबाजीच्या वर्णनात नाही.

11 मार्चला लढाई जुंपते. दुपार धुरात जाते. भोसल्यांचे बाण सूं-सूं करत जातात, बांबूला बांधलेल्या दारूच्या लोखंडी नळ्या, आणि मागे तोच तेरखेड्याचा वास. रात्री पाण्याच्या शोधात निघालेले मराठ्यांचे घोडेस्वार ओढ्याकाठी निजामाच्या माणसांवर आदळतात, अंधारात बंदुका उडतात, आणि तिकडे एकच पळापळ होते. तोफा, सामान, लादलेली बैलं जागच्या जागी टाकून निजाम खर्ड्याच्या गढीत शिरतो.

आता क्षणभर तटाच्या आत या. इथेही कुणाच्या पडशीत सातू आहे, तुमच्याइतकाच जुना. तोंडात टाका. पाणी नाही. पीठ टाळूला लेपासारखं बसतं, जीभ फिरत नाही, गिळायला गेलात की खोकला येतो आणि पीठ नाकातून उडतं. खवट आहे की गोड, काही कळत नाही. चव लागायलाही लाळ हवी. बाहेरून मारा चालू आहे, आत माणसं, जनावरं, जनाना एकमेकांत चेपलेला. दोनेक दिवसांत बोलणी लागतात.

तह झाला, फौजा हलल्या. तुम्ही मात्र गावठाणात परत या, त्या पेवापाशी. एक म्हातारी खाली उतरलीय, कडेची काळी ढेकळं टोपलीत भरून वर देतेय. तुमच्या अंगावरचे कपडे बघून तिला सगळं समजतं. शिव्या देत नाही. एक ढेकूळ फोडून दाणे तुमच्या तळव्यावर ठेवते.

"खाऊन बघ की बाबा. उनात घातलं, चार पाण्यानं धुतलं की पोटात जातंय."

खा. दाताखाली दाणा कुरकुरत नाही, भुगा होतो. आधी माती, मग कडू, आणि कडवटपणा जिभेच्या बाजूंना धरून बसतो. पाऊस पडून नवी ज्वारी येईपर्यंत या घरात हेच शिजणार आहे.