टब, शॉवर आणि आईचा बंब

आमच्या सोसायटीच्या पुनर्बांधणीचं घोडं बरीच वर्षं अडलं होतं, ते एकदाचं गंगेत न्हालं. परवा बिल्डरच्या ऑफिसमधला मुलगा घरोघरी एक चार पानी फॉर्म देऊन गेला. फरशी कुठल्या रंगाची, ओटा काळा की पांढरा, खिडक्यांना जाळ्या हव्यात का वगैरे वगैरे. तिसऱ्या पानावर होतं, 'मोठी बाथरूम : बाथटब / शॉवर. योग्य पर्यायावर खूण करा.' बत्तीस वर्षं मुलांना 'योग्य पर्याय निवडा' घालत आले, आता म्हातारपणी माझ्यावरच पाळी आली!

हे म्हणाले, "शॉवर लिही आणि मोकळी हो." रात्री न्यू जर्सीहून मुलाचा फोन आला तर तो म्हणे, "आई, टब घ्या. बाबांच्या गुडघ्यांना गरम पाण्याचा शेक मिळेल." दोघांचंही पटण्यासारखं होतं. फॉर्म चार दिवस टेबलावर पडून राहिला. मी जन्मभर इतिहास शिकवला. त्यामुळे साधा प्रश्न समोर आला तरी तो कुठून कुठून चालत आला हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर मंडळी, आज त्याबद्दलच.

माझं लहानपण पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात गेलं. घरात आम्ही नऊ माणसं. न्हाणीघर मागच्या अंगाला, तीन बिऱ्हाडांत मिळून एक. नळ चौकात, तोही पहाटे चारला यायचा आणि सातला जायचा. न्हाणीघराच्या कोपऱ्यात तांब्याचा बंब. नव्या पिढीसाठी सांगते : बंब म्हणजे तांब्याचं मोठं उभं भांडं. मधोमध आरपार नळी, तिच्या तळाशी जाळी. नळीत वरून कोळसे, ढलप्या, गवऱ्यांचे तुकडे टाकायचे. भोवतीचं पाणी तापलं की तोटीतून कढत पाणी घंगाळात काढायचं, त्यात गार पाण्याचं विसण घालायचं आणि पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचं. पुरुषमाणसांचं घंगाळ भरून ठेवलेलं असे. आम्हा मुलांना आई घाईघाईने चार तांबे ओतून बाहेर काढी.

बंब पेटवायचं काम आईचं. त्यासाठी ती साडेचारला उठे. पण आंघोळ केल्याशिवाय चुलीला शिवायचं नाही हा घरचा नियम, आणि बंब तापेपर्यंत थांबायचं तर स्वयंपाकाला उशीर. त्यामुळे आईची आंघोळ सगळ्यात आधी, गार पाण्याने. थंडीच्या दिवसांतसुद्धा. नऊ माणसांचं पाणी जिने तापवलं तिच्या वाट्याला वर्षभर कढत पाणी आलं नाही. नरकचतुर्दशीला काय ते उटणं लावून ऊन पाण्याचं न्हाणं, तेही सगळ्यांच्या नंतर, बंबाच्या तळाशी उरलेल्या पाण्याचं. आम्हाला कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

पुढे शिक्षिका झाल्यावर वर्गात आर्किमिडीजची गोष्ट सांगायची वेळ येई. राजाचा मुकुट, टबातून सांडलेलं पाणी, आणि 'युरेका' ओरडत रस्त्यातून पळणारा शास्त्रज्ञ. (ही गोष्ट त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी व्हिट्रूव्हियस या रोमन लेखकाने लिहून ठेवली, तेव्हा ती किती खरी हा प्रश्नच आहे.) एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "बाई, तो घंगाळात कसा मावला?" वर्ग हसला. पण त्या पोराचं काय चुकलं? ज्या भांड्यात माणूस मावतो ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आपल्याकडे पाणी भांड्यात आणि माणूस बाहेर.

आणि ही रीत किती जुनी असावी? मोहेंजोदडोचं महास्नानगृह पाठ्यपुस्तकात असतंच. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद, २.४ मीटर खोल, विटांनी बांधलेलं आणि डांबरासारख्या लेपाने गळती बंद केलेलं. त्याचं चित्र मुलं हौसेने काढत. पण त्याच शहरातल्या पुष्कळ घरांत विटांचे पक्के, उताराचे ओटे सापडले आहेत. त्यावर उभं राहून किंवा बसून अंगावर पाणी घ्यायचं, ते उतारावरून गटारात आणि तिथून रस्त्यातल्या झाकलेल्या नालीत. म्हणजे आपली मोरीच की! साडेचार हजार वर्षांपूर्वीची. शिवाय कितीतरी घरांत स्वतःची विहीर. पुस्तकात चित्र महास्नानगृहाचं छापतात, मोरीचं कोण छापणार?

साहेबाच्या देशात सगळे पहिल्यापासून टबात बसत होते अशी आपली समजूत असते. तीही खरी नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत टब असे तो सुटा, पत्र्याचा. शेकोटीपुढे आणून ठेवायचा आणि मोलकरणींनी खालच्या स्वयंपाकघरातून जिने चढून गरम पाणी आणायचं. नंतर तेच पाणी उपसून पुन्हा खाली न्यायचं. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांच्या घरी तर चुलीपुढे एकच पत्र्याचा टब. खाणीतून काळाठिक्कर होऊन आलेले बाप आणि मुलगे पाळीपाळीने त्यात बसणार, बहुधा त्याच पाण्यात. पाणी आणणारी, तापवणारी, उपसणारी घरची बाई. पाळ्या वेगवेगळ्या असल्या तर दिवसातून दोन-तीनदा. हे वाचलं तेव्हा मला आमचं न्हाणीघर आठवलं.

तिथे खाणीच्या तोंडाशीच न्हाणीघरं बांधावीत अशी चळवळ झाली. त्यात एक मोठा मुद्दा होता तो घरच्या बायकांच्या कष्टांचा. १९२६च्या कायद्याने खाणमालकीच्या उत्पन्नावर कर बसवून त्यासाठी निधी उभा केला आणि पुढच्या काळात शेकडो खाणींवर शॉवरची न्हाणीघरं झाली. पुरुष स्वच्छ होऊन घरी येऊ लागले. शॉवर म्हणजे श्रीमंती चैन असं मी समजत होते. निदान तिथे तरी तो कष्टकऱ्यांच्या घरच्या बाईची पाठ वाचवायला आला. त्याही आधी, १८७०च्या दशकात, फ्रान्समधल्या रूआँच्या तुरुंगात डॉक्टर मेरी दलाबो यांनी कैद्यांसाठी शॉवर सुरू केले होते. थोड्या पाण्यात, थोड्या वेळात पुष्कळ माणसं स्वच्छ होतात म्हणून. पुढे सैन्याच्या बराकींत तेच आलं.

टबाच्या इतिहासात एक गंमतही आहे. २८ डिसेंबर १९१७ रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात एच. एल. मेंकेन या पत्रकाराने लेख लिहिला, की अमेरिकेतला पहिला टब १८४२ साली सिनसिनाटीत बसला, डॉक्टरांनी त्याला विरोध केला, मग राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी व्हाइट हाउसमध्ये टब बसवला आणि विरोध मावळला. हे सगळं त्याने मनानेच रचलेलं होतं! लोकांनी ते खरं मानलं, पुस्तकांतून उतरवून घेतलं. १९२६ साली त्याने स्वतः जाहीर कबुली दिली तरी गोष्ट काही थांबली नाही. व्हॉट्सॲप नव्हतं तेव्हाची ही कथा. इतिहासाच्या शिक्षकांनी ध्यानात ठेवावी अशी. खरं तर कुठलाही राष्ट्राध्यक्ष लागला नव्हता. घरात नळाचं पाणी आलं, सांडपाण्याचा पाइप आला, पाणी तापवायची सोय झाली, की मागोमाग टब आला. नळ नाही तिथे टब म्हणजे दुसऱ्या कोणाची तरी ये-जा.

आपल्याकडची नळाची गोष्ट तर जास्तच गुंतागुंतीची. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणलं आणि पेठापेठांतून हौद झाले. मुंबईत १८६० साली विहार तलावाचं पाणी नळाने आलं, पुढे १८९२मध्ये तानसाचं. पण पाणी आलं म्हणजे ते सगळ्यांना मिळालं असं नाही. पुण्यासारख्या हौदांच्या शहरात हौदाला हात लावायची ज्यांना बंदी होती, त्यांच्यासाठी जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद खुला केला. आणि त्यानंतरही जवळजवळ साठ वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला हजारो माणसांनिशी जावं लागलं. कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. हा धडा मी दरवर्षी शिकवला. पण आमच्या वाड्याच्या न्हाणीघरात कोण पाऊल टाकू शकत होतं आणि कोण नाही, हे मी वर्गात कधी बोलले नाही. ते बोलायला हवं होतं, असं आता वाटतं.

१२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पाणी आमच्या वाड्याच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. पण नंतर नळ कोरडे. वाड्यातली वापरात नसलेली विहीर पुरुषांनी उपसून साफ केली. त्या दिवसांत आईबरोबर मी पहिल्यांदा कळशी उचलली. मोठ्या हौसेने, आणि तिसऱ्या खेपेला रडकुंडीला आले. आई काही बोलली नाही. माझी कळशी काढून घेतली आणि आपल्या कमरेवर दुसरी चढवली. कित्येक दिवस आम्ही मुलं एक दिवसाआड पारोशीच होतो.

१९९९ साली मुलाकडे पहिल्यांदा गेले. सुनेने कौतुकाने टब भरून दिला, "आई, जरा निवांत बसा." बसले. गळ्यापर्यंत ऊन पाणी. शिक्षकी डोकं, हिशोब करायला लागलं. या टबात दीडशे-पावणेदोनशे लिटर तरी पाणी असेल. आमच्या घरी माणशी एक घंगाळ, वीस लिटर धरलं तर नऊ माणसांचे एकशे ऐंशी. म्हणजे आईची अख्खी पहाट, दहा लिटरच्या कळशीच्या अठरा खेपा, एवढ्या पाण्यात मी एकटी बसले होते. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आमच्या फ्लॅटमध्ये गिझर आला तेव्हा ती हयात होती, पण सवयीने शेवटपर्यंत गार पाण्यानेच आंघोळ करायची. आम्हीही "तिला तेच आवडतं" म्हणून सोडून दिलं. खरंच आवडत होतं का, हे मी कधी विचारलं नाही. त्या टबात बसून मला रडू आलं. सून घाबरली. तिला म्हटलं, साबण डोळ्यात गेला.

असो. फॉर्मकडे वळू. हिशोब सोपा आहे. बादलीभर पाणी पंधरा-वीस लिटर. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर, म्हणजे पाच-सात मिनिटांत आटोपलं तर ठीक, वीस मिनिटं गात उभं राहिलं तर तोही टबाला गाठतो. आपल्याकडे शहरातल्या पाण्याचं सरकारी प्रमाण माणशी रोजचं १३५ लिटर, त्यातलं आंघोळीला ५५. एकदा टब भरला तर आंघोळीचे तीन दिवसांचे संपले. माझी धाकटी बहीण लातूरला असते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा ती तिथेच होती. तिला फोनवर टबाचं विचारलं तर ती नुसती हसली.

आणि यांच्या गुडघ्यांचं म्हणाल, तर टबाची कड ओलांडायला गुडघाच वाकवावा लागतो. शेक घ्यायला आत जाणारा माणूस बाहेर कसा येणार? आमच्या वयाला निसरड्या टबापेक्षा खडबडीत फरशी, धरायला दांडी आणि बसायला पक्कं स्टूल जास्त मोलाचं. मुलाला तसं सांगितलं. त्यालाही पटलं.

तर मी दोन्ही पर्याय खोडले आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं : 'हातात धरायचा शॉवर, बादलीसाठी खाली वेगळा नळ, भिंतीला दोन दांड्या, फरशी न घसरणारी, पाण्याला उतार नीट.' फॉर्मवर जागा पुरली नाही, मागे लिहावं लागलं. मोहेंजोदडोच्या घरमालकाने यापेक्षा फार वेगळं काही मागितलं नसतं.

फॉर्म लिहीत होते तेव्हा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी शेजारी उभ्या होत्या. त्यांच्या वस्तीत दिवसाआड तासभर पाणी येतं, तेही हंडे घेऊन रांगेत. काय लिहिताय म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नव्या घरात पाणी चोवीस तास येणार ना, बाई?"

"येणार म्हणतात," मी म्हटलं.

"मग काय," त्या म्हणाल्या, "उभं राहून करा नाहीतर बसून."

तुमच्याकडे बंब होता का? आणि तो कोण पेटवत होतं? जरूर कळवा.