काचेच्या पेटीतले बिनबोलावलेले पाहुणे

जयसिंगपूरच्या एका शिक्षक मित्राने माशांच्या पेटीत कृष्णाकाठच्या डबक्यातून आणलेले शेवाळ आणि हायड्रिलाचे झुबके लावले. तीन आठवड्यांनी काचेवर दोऱ्याच्या तुकड्यांसारखे, टोकाला झिरमिळ्या असलेले जीव दिसू लागले. काडीने डिवचताच ते आक्रसून ठिपक्याएवढे होत. हा हायड्रा. त्याची आकृती आपण सगळ्यांनीच वहीत काढलेली आहे. मित्राच्या मुलीचे म्हणणे मात्र असे, की पेटीत आपण फक्त मासे सोडले होते, तेव्हा हा पाण्यातच तयार झाला असणार.

या तर्काला हसू नये. पाहुणा कोणाबरोबर आला हे शोधायला लंडनच्या विद्वानांनाही चार वर्षे लागली होती.

लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये तेव्हा रॉयल बोटॅनिक सोसायटीची बाग होती. दक्षिण अमेरिकेतल्या व्हिक्टोरिया या परातीएवढ्या पानांच्या कमळासाठी तेथे कोमट पाण्याचा हौद केलेला होता. जून १८८० मध्ये संस्थेचे सचिव सॉवरबी यांना त्यात चिमुकले जेलीफिश पोहताना दिसले. जेलीफिश म्हणजे समुद्रातला प्राणी, तो गोड्या पाण्याच्या हौदात कसा? लँकेस्टर आणि ऑलमन या दोन प्राणिशास्त्रज्ञांनी घाईघाईने त्याला दोन वेगळी नावे दिली आणि नावावरून वाद रंगला. जीव आला कसा, हा प्रश्न मागेच राहिला.

उत्तर १८८४ मध्ये आल्फ्रेड गिब्ज बोर्न यांनी दिले. त्यांनी पोहणाऱ्या छत्र्या सोडून पाणवनस्पतींची मुळे तपासली. मुळांना चिकटलेले, जेमतेम मिलिमीटरभर उंचीचे, झिरमिळ्या नसलेले हायड्रासारखे रूप त्यांना सापडले. या रूपाला कळ्या फुटतात. काही कळ्यांची तशीच नवी रूपे होतात, तर पाणी उबदार झाले की काहींच्या छत्र्या होऊन सुटतात. एका जलाशयातल्या सगळ्या छत्र्या पुष्कळदा एकाच लिंगाच्या असतात, तरी वंश अडत नाही तो या मुळांवरच्या बिऱ्हाडामुळे. वनस्पती बोटीत चढली की तेही तिच्याबरोबर निघते. (हेच बोर्न पुढे मद्रासला प्राध्यापक झाले आणि १९१५ ते १९२१ या काळात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते.) कमळ दक्षिण अमेरिकेचे, म्हणून जेलीफिशही तिकडचा असणार असे वाटणे साहजिक होते. पण आज त्याचे मूळ घर चीनमधले यांगत्से नदीचे खोरे मानले जाते. माणसाच्या हातून तो अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत पोहोचला आहे. त्याचे आजचे नाव क्रॅस्पेडाकस्टा सॉवरबाय.

आता आपल्याकडची गोष्ट. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म नेमका १८८४चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना त्यांना सह्याद्रीत, कृष्णेला मिळणाऱ्या प्रवाहांत गोड्या पाण्यातला जेलीफिश आढळला. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे अॅनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचे वर्णन करून लिम्नोक्नीडा इंडिका हे नाव दिले. या गणातले प्राणी तोवर फक्त आफ्रिकेत, टांगानिका सरोवरासारख्या ठिकाणी माहीत होते. आघारकर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नावाजले. पुण्यातल्या ज्या संस्थेचे ते पहिले संचालक होते, तिला १९९२ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

म्हणजे एक जेलीफिश हौदातला पाहुणा, दुसरा आपल्या नदीचा रहिवासी. आघारकरांच्या वेळी ही निवड सोपी होती. आज कृष्णेत जेलीफिश दिसला तर तो कोणता, हे आधी विचारावे लागेल, कारण चिनी पाहुण्याची नोंद भारतातही झाली आहे. ओळखीची खूण अशी: लिम्नोक्नीडाची जननांगे मधल्या जठराच्या देठावर असतात, तर क्रॅस्पेडाकस्टाची जठरापासून कडेकडे जाणाऱ्या नळ्यांवर. साध्या भिंगालाही हे दिसू शकते. मुळांवरची रूपे मात्र दोघांचीही इतकी बारीक, की पेटीचे पाणी नदीत ओतणाऱ्याला आपण काय सोडले याचा पत्ताही लागणार नाही.

मित्राला हे सांगितले, तेव्हा त्याच्या हातात पेटीच्या पाण्याची बादली होती आणि नदीवर जायला सायकल तयार होती. ते पाणी शेवटी दारातल्या जास्वंदीला गेले. हायड्रा एका बरणीत शाळेत पोहोचला.