उष्णतेची मोट

डिसेंबरातल्या एका वीकांताला शिर्डीला घरी गेलो, तर चपला काढायच्या आत बाबांनी विजेचं बिल हातात ठेवलं. बोलले काहीच नाहीत. नवीन घर बांधताना 'गिझर नको, हीट पंपच घ्या' हा हट्ट माझा. पैसे मात्र त्यांच्या रिटायरमेंटचे. "यापेक्षा आजींचा बंब बरा होता," एवढंच आई स्वयंपाकघरातून म्हणाली. तो तांब्याचा बंब जुनं घर पाडताना मोडीत गेला, तेही माझ्याच सांगण्यावरून!

रात्री झोप येईना म्हणून हीट पंपाचा इतिहास उकरत बसलो. (इंजिनियर माणूस मॅन्युअल सगळ्यात शेवटी वाचतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.)

गोष्ट सुरू होते १८२४ साली. सादी कार्नो नावाच्या फ्रेंच तरुणाने दाखवून दिलं, की उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाताना काम करू शकते, जसं वरून पडणारं पाणी पाणचक्की फिरवतं. १८५२ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी तेच उलटं करून बघितलं. बाहेरून काम दिलं तर उष्णता थंडाकडून गरमाकडे 'चढवता' येईल की! आणि त्याच यंत्राने इमारत गरमही करता येईल, गारही. म्हणजे आपला एसी आणि हीट पंप ही सख्खी भावंडं.

आपल्या भाषेत सांगायचं तर ही मोट. मोटेचे बैल पाणी तयार करत नाहीत, विहिरीतलं वर आणतात. गिझर उष्णता तयार करतो, म्हणून एका युनिटला जेमतेम एक युनिट उष्णता. हीट पंप हवेतली उष्णता ओढून टाकीत ओततो, म्हणून एका युनिटला तीन-साडेतीन. फक्त विहीर किती खोल, यावर बैलांचे कष्ट ठरतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे प्रत्यक्षात पहिल्यांदा कोणी केलं? तर एका मिठागरवाल्याने! ऑस्ट्रियातल्या एबेन्झे इथे मिठाचं पाणी आटवायला लाकडं जाळत. पीटर फॉन रिटिंगर या खाण-अभियंत्याने १८५६च्या सुमारास विचार केला, की ही वर जाणारी वाफ सगळी उष्णता घेऊन पळते आहे. त्याने पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या पंपाने ती वाफ दाबली, दाबल्यावर ती अजून तापली, आणि तीच त्याने मिठाचं पाणी उकळायला परत फिरवली. कल्पना झकास. पण यंत्र सलग चालेना, कारण आत जिप्सम आणि मिठाची कडक खपली धरायची.

खपली! इथे मी उठून बसलो. आमचं बोअरचं पाणी इतकं जड आहे, की गिझरची कॉइल काढली तर ती चुन्यात बुडवून काढल्यासारखी दिसते. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. आणि आमची टाकी? ६० अंशांवर सेट. कोणी केली? अस्मादिकांनी.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. कोळसा बाहेरून आणावा लागणाऱ्या स्वित्झर्लंडने हे मनावर घेतलं आणि १९३८ मध्ये झुरिकच्या टाऊन हॉलमध्ये लिमात नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप बसवला. बर्फाळ देशात, नदीच्या गार पाण्यातून! मग आमच्या शिर्डीत का जमू नये?

उत्तर गावातच होतं. संस्थानच्या प्रसादालयाच्या गच्चीवर २००९ मध्ये शेफलर पद्धतीच्या ७३ तबकड्या बसवल्या. प्रत्येक तबकडी १६ चौरस मीटरची, दिवसभर सूर्याबरोबर फिरणारी. त्या उन्हावर वाफ होते आणि त्या वाफेवर भक्तांचा भात शिजतो. ढगाळ दिवसासाठी बॉयलर आहेच, पण ऊन आहे तोवर उन्हाचं काम उन्हात. लहानपणापासून देवळात जाणारा मी, मला तबकड्या दिसल्या, पण त्यामागचं वेळापत्रक दिसलं नाही.

आता मोटेचा हिशोब. मी टायमर पहाटे ४चा लावला होता, 'ताजं गरम पाणी' मिळावं म्हणून. पहाटे हवा १२ अंश धरली आणि पाणी ६० हवं असेल, तर कार्नोच्या सूत्राने कमाल मर्यादा येते ७च्या आसपास. दुपारी हवा २८ आणि पाणी ५०, तर तीच मर्यादा जवळजवळ १५. खरं यंत्र यातला थोडाच भाग गाठतं, पण विहीर निम्म्याने उथळ झाली ना! त्यात पहाटे वेळेत ६० गाठता येत नाही म्हणून आतली विजेची कॉइल मदतीला धावायची. म्हणजे हीट पंपाचे पैसे मोजून आम्ही गिझरच चालवत होतो.

एवढ्यावर संपलं नाही. 'दिसायला बरं' म्हणून यंत्र जिन्याखालच्या बंद कोनाड्यात बसवलेलं. ते बिचारं स्वतःच सोडलेली गार हवा परत ओढत होतं.

रविवारी सकाळी कोनाड्याचं दार काढलं आणि गार हवा बाहेर सोडायला नळकांडं लावून घेतलं. वेळ दुपारी १२ ते ४ केली, तापमान ५०. आठवड्यातून एकदा ६०, टाकीत जंतू वाढू नयेत म्हणून. कॉइल बंद, फक्त पावसाळी दिवसांसाठी राखीव. गरम पाण्याच्या उघड्या पाइपला फोमचं वेष्टण. ते गुंडाळताना बाबा शेजारी येऊन बसले आणि त्यांनी विचारलं, "मग दुपारचं पाणी सकाळपर्यंत टिकेल?" टाकीला जाड इन्सुलेशन आहे, टिकेल, म्हणालो. सोमवारी पहाटे पुण्याची बस पकडायच्या आधी त्यांनी मला मुद्दाम पहिला नंबर दिला आंघोळीला. पाणी ४७ होतं.

जानेवारीचं बिल फोटो काढून पाठवलंय त्यांनी. २१० युनिट कमी. खाली आईचा मेसेज: बंबाचे पैसे तरी परत दे.