सामाईक स्पेक्ट्रम : वाय-फाय आणि एलटीई

वेगवेगळ्या तंत्रज्ञानांवर चालणारी बिनतारी जाळी एकाच परिसरात रेडिओ लहरींचा एकच पट्टा वापरतात, तेव्हा त्याला स्पेक्ट्रमचा सामाईक वापर म्हणतात. त्यावरचा सर्वांत बोधप्रद वाद ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात झाला. हा पट्टा अनेक देशांत परवानामुक्त आहे. भारतात ऑक्टोबर २०१८मध्ये त्यातले ६०५ मेगाहर्ट्‌झ खुले झाले. परवाना नसला तरी येथे शिस्त लागतेच. वाय-फायचे उपकरण आधी कानोसा घेते आणि वाहिनी मोकळी दिसली तरी थोडा यादृच्छिक काळ थांबून मगच प्रक्षेपण करते. एलटीई या ४जी मोबाइल तंत्रज्ञानाची रचना मात्र लिलावात घेतलेल्या, एकाच मालकाच्या पट्ट्यासाठी झाली; तिथे कोणी केव्हा बोलायचे हे मनोरा ठरवतो. दोघे एकत्र आले की ऐकणारा गप्प राहतो आणि न ऐकणाऱ्याचे फावते. त्यामुळे हा प्रश्न सौजन्यावर सोडून सुटत नाही. किती क्षीण संकेत ऐकून थांबायचे, याचा आकडा सर्वांसाठी ठरवावा लागतो.

२०१४मध्ये अमेरिकेत पुढे आलेल्या ‘एलटीई-यू’ने प्रक्षेपणाच्या चालू-बंद काळाचे प्रमाण बदलण्याची युक्ती योजली. ते प्रमाण ठरवणार एलटीईवालाच, म्हणजे वादी तोच आणि न्यायाधीशही तोच. युरोप व जपानमध्ये कानोसा सक्तीचा असल्याने तिथे ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. एलटीईच्याच २०१६च्या ‘एलएए’ मानकाने कानोसा स्वीकारला. वाय-फायला शेजारच्या आणखी एका वाय-फाय जाळ्याहून अधिक त्रास होऊ नये, अशी कसोटीही ठेवली. कसोटी वाजवी आहे, पण सरासरी वेग टिकला तरी मधले खोळंबे वाढू शकतात आणि आवाजी संभाषणाला तेच बाधतात.

वाय-फाय तरी कुठे समंजस आहे, असा आक्षेप घेतला जातो, आणि तो खरा आहे. दुसऱ्या वाय-फायचा संकेत उणे ८२ डीबीएम (संकेतशक्तीचे एकक; उणे आकडा जितका मोठा तितका संकेत क्षीण) असला तरी ते थांबते. परक्या तंत्रज्ञानासाठी मात्र त्याचा थांबण्याचा उंबरठा उणे ६२ आहे, म्हणजे शक्तीत शंभरपट जास्त. एलएएचा उंबरठा सामान्यतः उणे ७२. पण यातून एलटीईला मोकळीक मिळत नाही. कोणत्याही एका पक्षाने नियम लिहू नये, एवढेच सिद्ध होते. एलटीई तेवढ्याच पट्ट्यात जास्त माहिती वाहते, हा दुसरा युक्तिवाद. मात्र एलएएला परवान्याच्या पट्ट्याचा आधार असतोच, वाय-फायला तसा नाही. शिवाय कार्यक्षमता हाच निकष मानला, तर पट्टा खुला ठेवण्याचे कारणच उरत नाही. मध्यवर्ती लवाद हा पर्याय अमेरिकेने ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्‌झमध्ये वापरला : आधी नौदलाचे रडार, मग परवानाधारक, शेवटी इतर. पण तिथे प्रक्षेपण करणारे तळ नोंदवलेले असतात. घरोघरचे राउटर कोण नोंदवणार? म्हणून सर्वांना समान नियम हाच मार्ग उरतो. ६ गिगाहर्ट्‌झसाठीच्या युरोपीय मानकात सर्व तंत्रज्ञानांना ऐकण्याचा एकच उंबरठा लागू केला आहे.