छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मुंबई

पश्चिम भारतातील निसर्ग आणि मानवी इतिहास या दोहोंचे नमुने एकाच वास्तूत जतन करणारे एक प्रमुख संग्रहालय. १९९८ पर्यंत ते ‘प्रिन्स ऑफ वेल्स म्यूझियम ऑफ वेस्टर्न इंडिया’ या नावाने ओळखले जात असे. मूळ नावातील ‘पश्चिम भारत’ हे शब्द अर्थपूर्ण होत. कारण हे संग्रहालय केवळ मुंबई शहरासाठी नव्हे, तर संपूर्ण प्रदेशासाठी कल्पिले होते.

इमारतीची कोनशिला ११ नोव्हेंबर १९०५ रोजी तत्कालीन युवराज (पुढे पाचवे जॉर्ज) यांच्या हस्ते बसविण्यात आली. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने तिचा आराखडा इंडो-सारासेनिक शैलीत तयार केला. बांधकामासाठी कुर्ल्याचा करडा बेसाल्ट व मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट हे स्थानिक खडक वापरले असल्याने, ही वास्तू स्वतःच या भागातील भूस्तरांचा एक नमुना ठरते. १९१४ मध्ये ती पूर्ण झाली. तथापि पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग लष्करी रुग्णालय म्हणून करण्यात आला आणि १० जानेवारी १९२२ रोजी ती संग्रहालय म्हणून खुली झाली.

कला व पुरातत्त्व विभागांत सोपारे येथील अशोककालीन शिलालेखाचा अवशेष, घारापुरी येथील शिल्पे, तसेच सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपाच्या भाजक्या मातीच्या मूर्ती आहेत. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे तेथील अवशेष मुंबईत आले. पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह १९१५ मध्ये मिळाला. सर रतन व सर दोराब या टाटा बंधूंच्या संग्रहांनी त्यात मोलाची भर घातली.

निसर्गेतिहास विभाग बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या साहाय्याने उभा राहिला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. गवा, वाघ, धनेश, रोहित इ. प्राणी व पक्षी येथे त्यांच्या नैसर्गिक परिसराच्या देखाव्यांसह मांडलेले आहेत. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी १९२६ पासून काही काळ या विभागात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून काम केले.

अशा संग्रहातील नमुन्याचे मोल त्याच्या दर्शनीपणावर अवलंबून नसते. तो कोठे, केव्हा व कोणी मिळविला, ही नोंद नमुन्यासोबत नसेल, तर पक्ष्याचे कातडे काय किंवा मूर्तीचा तुकडा काय, दोन्ही इतिहासाच्या दृष्टीने मुके होतात. मूळ स्थळच पालटले, तर ही नोंद हाच त्या स्थळाचा एकमेव पुरावा उरतो.

उलवे (ता. पनवेल, जि. रायगड) हे याचे नजीकचे उदाहरण होय. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी तेथील टेकडी कापून सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळविण्यात आला आणि उलवे, तरघर, कोंबडभुजे, वाघिवली इ. दहा गावांच्या वस्त्या हलविण्यात आल्या. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्‌घाटन झाले. येथे टेकडी, नदी, खारफुटी, भातशेती, मासेमारी आणि ग्रामदैवते हा एकच गुंतलेला व्यवहार होता. खाडीतील भरती-ओहोटी समजल्याशिवाय कोळ्याचे जाळे समजत नाही आणि खारबंदिस्ती ध्यानात घेतल्याशिवाय खाजणातील भातशेतीचा उलगडा होत नाही. संग्रहालयाच्या मांडणीत मात्र निसर्ग एका दालनात व माणूस दुसऱ्या दालनात, अशी विभागणी रूढ आहे.

अभ्यासाच्या सोयीसाठी ही विभागणी आवश्यक असली, तरी तिच्यामुळे प्रदेशाचे समग्र चित्र दुभंगते. मुंबईच्या या संग्रहालयाने दोन्ही शाखा एका छत्राखाली आणून ते सांधण्याची शक्यता निर्माण केली, हे त्याचे वैशिष्ट्य होय. ज्या गावांची स्मृती अद्याप हयात माणसांत आहे, त्यांच्या बाबतीत वस्तू, नमुने व मौखिक माहिती एकत्र नोंदविण्याचे काम याच पिढीत होणे अगत्याचे आहे.